म्हस बसंस्तवर

आमच्या मालकांना बोलायच्या आधी विचार करायची सवय नाही. बोलून झाल्यावर ते विचार करतात, पण तोवर गावाने टाळ्या वाजवलेल्या असतात.

आमचं करंजओढा हे गाव आटपाडी तालुक्यात. इकडे पाऊस पत्ता चुकल्यासारखा येतो आणि चूक ध्यानात आली की परत जातो. त्या साली तर चुकूनही आला नव्हता. तळं इतकं कोरडं, की पोरांनी मधोमध स्टंप रोवले होते. अशात विठोबाच्या देवळात सप्ताह बसला. सप्ताहाची रीत अशी, की सात दिवस वीणा उभी राहते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तार वाजत राहते, तोंडाने रामकृष्णहरी चालतं, पण वीणा जमिनीला टेकत नाही. पाळी बदलताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या, मग ते सासरा-जावई का असेनात. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की वीणा खाली ठेवायची, महाप्रसाद जेवायचा आणि घरी जाऊन पाय चेपत बसायचं.

तसं झालं असतं तर हे सांगायची वेळ आली नसती. काला झाला, बुवा म्हणाले, "ठेवा आता वीणा." वीणा होती आमच्या मालकांच्या गळ्यात. नाथाजी त्यांचं नाव. कीर्तनाने त्यांचे डोळे भरून आले होते, बाहेर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती, आणि ते एकदम हात वर करून ओरडले, "मंडळी, तळ्यात पानी येस्तवर ही वीणा आता खाली ठिवायची न्हाई!"

झालं. पुंडलिक वरदेचा असा गजर झाला की देवळातली कबुतरं उडाली. टोप्या उडाल्या. बुवांनी मालकांना मिठी मारली आणि मिळेल त्या जीपने गाव सोडलं. मी बायकांच्या पंगतीला आमटी वाढत होते. माझ्या हातातला डाव तसाच राहिला आणि अंबूबाईच्या पानात आमटीचं तळं झालं. त्या साली गावात भरलेलं तेवढं एकच.

रात्रीपर्यंत मी दम धरला. मी अंगणवाडीत जन्म काढलाय, त्यामुळे दम धरायची सवय आहे. मग विचारलं, "आवं, काय बोललासा त्ये कळलं का?"

"रंगू, आगं जेठ लागला. म्हैन्या-दोन म्हैन्यात पाऊस पडंल. देवासाठी तेवढं हुईना व्हय?"

त्या म्हैन्या-दोन म्हैन्यांची वर्षं झाली. पुढच्या एका पावसाळ्यात सांगलीत लोक होडीत बसून बाजाराला जात होते, आणि त्याच जिल्ह्यात आम्ही टँकरमागे पळत होतो. देवाने पाणी वाटताना आमच्याकडे पाठ केली होती की काय, कोण जाणे. वीणा मात्र उभी होती.

सुरुवातीला उत्साह दांडगा. गावातला प्रत्येक गडी पाळीला. मेंढरं राखणारा धुळासुद्धा मेंढरं कोकणात न्यायच्या आधी आपल्या पाळ्या उरकून जायचा. आणि पाळी लावणाऱ्याने, मुद्दाम की चुकून ते विठोबाला ठाऊक, आमच्या मालकांच्या मागे पाळी लावली हरिबाची.

हरिबा म्हणजे आमचा चुलत दीर. मालकांपेक्षा थोडा धाकटा. दोघांच्या बांधावर एक बोर आहे. तिची बोरं इतकी आंबट की पाखरंही चोच मारून माफी मागतात. पण त्या बोरीवरून दोघांचं बोलणं बंद पडलं होतं, आणि ते पडलं त्या दिवशी आमची लेक क्रांती पाळण्यात होती. आता क्रांतीची पोरं शाळेत जातात.

अशा दोन माणसांनी रोज एकमेकांच्या पाया पडायचं! पहिल्या दिवशी अख्खं गाव बघायला आलं. मालक वाकले, हरिबा वाकला, दोघांनी एकमेकांच्या पायाला हात लावला तो विस्तवाला लावावा तसा. पण एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे अडचण आली. पाळी बदलताना काही सांगायचं तर असतंच. मग हरिबाने तोड काढली. तो वीणेशी बोलायला लागला.

"वीणाबाई," तो म्हणायचा, "ह्या मानसाला सांगा, तार ढिली झालीया."

मालक वीणेकडेच बघून म्हणायचे, "वीणाबाई, तार काल जेच्या गळ्यात हुती त्येनं पिळलीया."

"वीणाबाई, ह्या मानसाच्या घरात लसूण लय खात्यात वाटतं."

"वीणाबाई, जेला वास येतोय त्येनं नाक फिरवून उभं ऱ्हावं."

बिचारी वीणा. मिरजेच्या कारागिराने भजनासाठी बनवलेली, आणि आमच्याकडे येऊन भाऊबंदकीत दुभाष्याचं काम करत बसली.

मग एका साली ऐन दिवाळीच्या तोंडावर एक सर आली आणि तळ्यात पाणी साठलं. गुडघ्याएवढंच, पण साठलं! सगळे गुलाल घेऊन काठावर. मालक वीणा काढायला लागले, तेवढ्यात हरिबा पुढे आला. त्याला इतक्या लोकांत मालकांचा विजय कसा सोसणार?

"वीणाबाई, इचारा की ह्या मानसाला, तळ्यात पानी आलं म्हनायचं कवा?"

खरंच की, कधी म्हणायचं? डबक्याला तळं म्हणालो तर देव काय म्हणेल? शेवटी अंबूबाईला विचारलं, कारण तिच्याएवढं जुनं गावात एक देऊळच होतं. ती म्हणाली, "आमच्या येळंला म्हस तळ्यात बसली आन निस्तं नाक आन शिंगं वर दिसली, की म्हनायचे पानी आलं."

हरिबाने स्वतःची म्हस सोडून आणली. ती पाण्यात उतरली, गुडघेही नीट न भिजवता पलीकडे निघाली आणि कुणाच्या तरी मक्यात शिरली. तिचा निकाल स्पष्ट होता. सरपंचांनी विचारलं, "मग नाथाजीराव, म्हस बसंस्तवर वीणा खाली ठिवायची न्हाई, कबूल?"

मी लांबून हातवारे करत होते. पण आमच्या मालकांनी कधी बघितलंय? "कबूल!" म्हणून मोकळे झाले. परत टाळ्या.

हरिबा खूश होऊन घरी गेला. खड्डा खणताना आपणही त्यातच उभे आहोत, हे त्याला दुसऱ्या दिवशी पाळीला जाताना कळलं.

त्यानंतरची वर्षं वाईट गेली. हसत सांगतेय म्हणून सोपी होती असं समजू नका. चारा संपला, दावणी मोकळ्या झाल्या. तरणी पोरं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात कुणी केरळात, कुणी पंजाबात गेली. पाळीकऱ्यांतला रोज एक गळायला लागला. कुणाची कंबर धरली, कुणाची सून चिडली, कुणी म्हणालं की देव मनात असला म्हणजे झालं. देव मनात असला की गळ्यात वीणा लागत नाही, हे एकदा लोकांना पटलं आणि देवळात पाळीला उरले दोनच. आमचे मालक, आणि त्यांच्याआधी सोडायची नाही म्हणून हरिबा.

मालकांची ती श्रद्धा आणि हरिबाची ती ईर्षा, असं तेव्हा लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. पण थंडीत पहाटे दोघंही सारखेच कुडकुडायचे आणि दोघांच्याही तोंडून रामकृष्णहरीच निघायचं. विठोबाने त्यात काही डावं-उजवं केलं असेल असं मला वाटत नाही.

तिसरी पाळीकरी झाले मी. त्याचं कारण काही थोर नाही. बाईमाणसाने वीणा धरावी की नाही यावर गावात दोन तट होते, सभा व्हायच्या. अशात एका सकाळी मालकांचं पोट बिघडलं. हरिबा यायला वेळ होता. मालक देवळाच्या पायरीवर पाय जुळवून उभे, चेहरा घामाने डबडबलेला. मी डबा घेऊन गेले तर ओरडले, "रंगू, धर!" माझ्या गळ्यात वीणा टाकली, तशा घाईतही वाकून माझ्या पायाला हात लावला आणि टमरेल घेऊन पळाले. लग्न झाल्यापासून ते माझ्या पाया पडले ते पहिल्यांदा. दोन्ही तटांनी सभा बोलावायच्या आत प्रश्न सुटला. पुढे ते रोज माझ्या पाया पडत आणि मी रोज तोंड फिरवून हसून घेत असे.

तिघांत दिवसरात्र उभं राहणं जमेना, म्हणून ग्रामसभेने सवलती दिल्या. मांडी म्हणजे जमीन नव्हे असा ठराव झाला, त्यामुळे वीणा मांडीवर घेऊन भिंतीला टेकता येऊ लागलं. वीणा देवळाबाहेर न्यायची परवानगी मिळाली. मग ती सगळीकडे गेली. डेअरीला गेली, लग्नाला गेली, मोटरसायकलवर बसून बाजाराला गेली. मतदानाला मालक वीणा घेऊन गेले तेव्हा केंद्रावरच्या साहेबांनी अडवलं, कारण एका अपक्षाची निशाणी तंबोरा होती. हा प्रचार नव्हे, हा नवस आहे, हे पटवण्यात दुपार झाली. कोरोनात पाया पडणं लांबून चालायचं. हरिबा वीणेला सॅनिटायझर लावायचा आणि म्हणायचा, "वीणाबाई, ह्या मानसाला सांगा, मास्क नाकावर घे."

मला एकदा कंटाळा आला. खरंच आला. मी मालकांना म्हटलं, "आवं, खाली ठिवायची न्हाई म्हनलासा. टांगायची न्हाई असं कुटं म्हनलासा? अडकवा खुटीला आन झोपा सुखानं."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "रंगू, देवासंगं वकिली करायची व्हय? त्यो बी म्हनंल मंग, पाऊस देतो म्हनलो, तुमच्यातच देतो असं कुटं म्हनलो?"

आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. माझ्या पाळीला पहाटे तार छेडली की शेजारच्या घरातून कुणीतरी खाकरायचं. मग चूल पेटल्याचा धूर. मग घागरीचा आवाज. वाईटात वाईट उन्हाळ्यातही ती तार ऐकून गाव उठायचं. अजून कुणीतरी उभं आहे एवढं कळलं, की लोक दुसऱ्या दिवसाचं बघायला तयार व्हायचे. पाळी सोडलेल्यांनाही ती तार लागायची. एकदा तार तुटून आवाज बंद झाला तर केरळातून फोन आला, की आईला करमेना झालंय, काय झालं?

तर असं चाललं होतं, आणि मालकांचे गुडघे गेले. पायरी चढताना ते विठोबाचं नाव घेत आणि उतरताना माझं. मी त्यांना मिरजेला नेलं. अर्थात वीणेसकट. गुडघ्यांचा फोटो काढताना मशीनवाला म्हणाला, तारा चालणार नाहीत, तेव्हा वीणा माझ्या गळ्यात आली आणि मालक त्या फरशीवर माझ्या पाया पडले. बाहेर बसलेल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायला लागल्या.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "दोन्ही गुडघ्यांत पाणी झालंय," ते म्हणाले.

मालकांचे डोळे चमकले. "रंगू, ऐकलंस का? पानी आलं!"

"तळ्यात यायचं हुतं," मी म्हटलं. "ह्ये बी पत्ता चुकलं."

डॉक्टर हसले नाहीत. वाट्या झिजल्यात, सांधे बदलावे लागतील, आणि फार उशीर केला तर मग खाट सुटणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हस बसली की येतो." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की डोक्याच्या डॉक्टरांना कधी दाखवलंय का?

घरी येईपर्यंत मी रडले. देवाशी भांडले, मालकांशी भांडले, वीणेशीही भांडले. एका माणसाचा शब्द आणि त्याचे गुडघे यातलं एकच वाचणार असेल, तर मला गुडघे हवे होते. मी बायको आहे, विठोबा नाही.

दुसऱ्या दिवशी हरिबा वेळेच्या कितीतरी आधी आला. "वीणाबाई, ह्या मानसाला सांगा, उद्यापासनं त्येची निम्मी पाळी मी धरतो. मला हल्ली झोप येत न्हाई." खोटं होतं ते. हरिबा उभ्या उभ्या घोरतो.

आणि मग, काय सांगू, पाणी आलं! आभाळातून नाही, योजनेचं. कृष्णेचं पाणी डोंगर चढवून आमच्याकडे आणायचं हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत ऐकत होते, त्यामुळे कालव्यात खळखळ ऐकू आली तेव्हा लोकांना वाटलं पाइप फुटला. तळं भरायला लागलं. आठवड्याभरात पोरांचे स्टंप बुडाले. अंबूबाईला खुर्चीत बसवून काठावर नेलं, तिने बघितलं आणि म्हणाली, "आता बसंल."

पण बसणार कोण? गावात म्हस कुठं होती? दुष्काळात सगळ्या विकल्या, आणि नंतर लोकांनी संकरित गाई घेतल्या. गाय काही पाण्यात बसत नाही. काठोकाठ भरलेलं तळं आणि म्हशीचा पत्ता नाही! शेवटी मी क्रांतीला फोन लावला. ती कृष्णाकाठी दिलीय, ऊसवाल्यांच्यात. तिच्या सासऱ्यांनी मैना नावाची म्हस छोटा हत्ती टेंपोत चढवून पाठवली. छोट्या हत्तीतून म्हस आली म्हणून पोरं टेंपोमागे धावत सुटली.

तो दिवस मी विसरणार नाही. काठावर मांडव, हलगी, पेढे. एक पुढारी येऊन, पाणी आपणच आणलं, असं सांगून बसले. मालक नवीन धोतर नेसून वीणा गळ्यात घेऊन उभे. या दिवशी मांडीवर घेणार नाही, उभ्यानेच ठेवणार म्हणाले. मैनेच्या शिंगांना गोंडे, कपाळाला हळद-कुंकू. तिला पाण्यात सोडली. ती पोटापर्यंत गेली आणि थांबली.

आम्ही वाट बघितली. मैनेनेही वाट बघितली. कशाची, ते तिलाच माहीत.

क्रांतीला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. मैनेने जन्मात नदी बघितली नव्हती. त्यांच्या गोठ्यात पंखा आहे आणि वरून फवारा पडतो. म्हस उभ्यानेच आंघोळ करते. मग सगळ्यांनी अक्कल चालवली. कुणी पेंड दाखवली, कुणी शेपटी ओढली. धुळाचा कुत्रा भुंकला तर मैना त्याच्यावर धावून गेली आणि कुत्राच पाण्यात बसला. पण कुत्र्याचं बसणं हिशेबात धरता येत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, हिला धार काढताना रेडिओ लागतो, म्हणून मोबाइलवर गाणी लावली. मैनेने कान हलवले आणि शेण टाकलं. पुढारी घड्याळ बघून निघून गेले.

ऊन चढलं. मालकांचे पाय थरथरायला लागले. मी म्हटलं, "आवं, ठिवा की आता. पानी डोळ्याला दिसतंय."

"म्हस बसल्याबिगर न्हाई, रंगू. गावात कबूल केलंय."

सरपंचही म्हणाले, जाऊ दे, ठराव मागे घेऊ. मालकांनी नकाराची मान हलवली. ओठ दाताखाली धरलेले, कपाळावर घाम. मला वाटलं, एवढी वर्षं उभा राहिलेला माणूस आज एका ऊसवाल्यांच्या म्हशीपायी पडणार. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी काठावरून मैनेला अशा शिव्या घातल्या की हलगीवाल्याने वाजवणं थांबवलं.

तेव्हा हरिबा उठला. त्याने अंगातला नवा सदरा काढला नाही, पायातल्या वहाणा तेवढ्या काढल्या. टोपी घट्ट केली आणि पाण्यात शिरला. मैनेच्या शेजारी गेला, तिच्याकडे एकदा रागाने बघितलं आणि धपकन खाली बसला. गळ्यापर्यंत पाणी. मग आणखी खाली सरकला. नाक आणि टोपी तेवढी वर.

"गावकऱ्यांनो, नाक दिसतंय का?" तो पाणी थुंकत ओरडला.

"दिसतंय!"

"आन शिंगं?"

अंबूबाई खुर्चीतून म्हणाली, "शिंगं तर तुला जन्मल्यापासनं हायती!"

सगळं तळं हसलं. हरिबा हसला नाही. तो मालकांकडे बघत होता. म्हणाला, "मंग बसली म्हस. ही अट माझ्यापायीच पडली हुती. ठिव खाली वीणा, दादा."

दादा म्हणाला. मध्ये वीणाबाई नाही, ह्या मानसाला सांगा नाही. क्रांती पाळण्यात होती तेव्हापासून अडकलेला शब्द.

मालकांनी वीणा काढून माझ्या गळ्यात घातली, जमेल तेवढं वाकले, आणि तसेच पाण्यात शिरले. म्हशीची पाळी हरिबाने धरली, तर त्याच्या पाया पडायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. हरिबाचे पाय होते चिखलात. मालक वाकले, त्याच वेळी हरिबाही त्यांच्या पायाला वाकला, दोघांची डोकी आपटली आणि मालक भुसकन बसले. क्षणभर दोन नाकं तेवढी वर.

मी ओरडले, "आवं, लागलं का?"

"न्हाई गं," मालक म्हणाले. "गुडघ्याला लय गार वाटतंय. हरिबा, किती बरं वाटतंय रं."

"तर रं. आन दादा, ती बोर—"

"मरू दे. आंबट हाय."

दोन म्हातारे पाण्यात बसून खिदळायला लागले. मैनेने त्यांच्याकडे बघितलं. एवढा वेळ हिला कुणी सांगितलंच नव्हतं, की बसायचं कसं. तिने पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि एक लांब सुस्कारा सोडून दोघांच्या मधोमध बसली. नाक, शिंगं आणि गोंडे.

काठावर काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण वीणा माझ्या गळ्यात होती. धुळाने आपलं घोंगडं अंथरलं. मी वाकले खरी, पण हात सुटेनात. जिला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिला खाली ठेवताना माझा जीव कासावीस झाला. शेवटी मीच म्हटलं, "वीणाबाई, दमलात. टेका आता." आणि टेकवली.

पुढच्या महिन्यात मिरजेत मालकांचे दोन्ही गुडघे बदलले. ऑपरेशन झालं आणि त्यांना गाडीवरून खोलीत आणताना नर्सने सलाईनची बाटली हरिबाच्या हातात दिली, म्हणाली, "बाबा, खोलीपर्यंत वर धरा." खोलीत आल्यावर तिने लोखंडी दांडा पुढे केला. "द्या आता, इथं अडकवते."

"ऱ्हाऊ द्या," हरिबा म्हणाला. बाटली त्याने वीणेसारखी दोन्ही हातांनी वर धरली होती.

"अहो, किती वेळ धराल?"

"ह्यो मानूस उठंस्तवर खाली ठिवायची न्हाई."

नर्सने माझ्याकडे बघितलं. हरिबाचा हात भरून आला तेव्हा मी पुढे झाले. त्याने बाटली माझ्या हातात दिली, वाकला आणि माझ्या पाया पडला. मग मी त्याच्या पाया पडले, आणि बाटली वर धरून उभी राहिले.